मोबाईल प्रोसेसरची प्रगती आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्याचा फोन : एक विवेचन

प्रस्तावना

महाविद्यालयात 'संगणक' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर आजही प्रयोगशाळेत ओळीने मांडलेली यंत्रे येतात. विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे चित्र केव्हाच मागे पडले आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) ग्रामीण भागातील ४.४ टक्के आणि शहरी भागातील २३.४ टक्के कुटुंबांकडेच संगणक आढळला होता. शाहूपुरीसारख्या शहराच्या मध्यवर्ती भागातील महाविद्यालयात पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा या तालुक्यांतून एस.टी.ने येणारे विद्यार्थी पाहिले, तर त्यांच्यापैकी अनेकांचा पहिला आणि एकमेव संगणक म्हणजे खिशातील फोन होय, हे वेगळे सांगावे लागत नाही.

२०२० च्या टाळेबंदीने या वस्तुस्थितीला शैक्षणिक धोरणाचे रूप दिले. २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतिम वर्षाच्या परीक्षा घेणे आवश्यक ठरवल्यानंतर राज्यातील विद्यापीठांनी त्या मोठ्या प्रमाणावर ऑनलाइन घेतल्या. तेव्हापासून चाचणी, हजेरी, प्रकल्प सादरीकरण, शिष्यवृत्तीचा अर्ज अशा अनेक गोष्टी फोनवर आल्या आणि साथ ओसरल्यावरही त्यांतील बऱ्याच तेथेच राहिल्या. प्रश्नपत्रिका एक, वेळ एक, तरीही एका विद्यार्थ्याचा फोन साठ मिनिटे विनातक्रार चालतो आणि दुसऱ्याचा मध्येच अडखळतो, तापतो किंवा उत्तरे टाकून पुन्हा पहिल्या पानावर जातो, हा अनुभव बहुतेक प्राध्यापकांनी घेतलेला असेल. 'नेटवर्क नव्हते' असे म्हणून आपण तो विषय संपवतो. पुष्कळदा दोष नेटवर्कचा नसून फोनच्या अंतरंगाचा असतो. हे अंतरंग विज्ञानेतर विद्याशाखांतील सहकाऱ्यांनाही समजावे, या हेतूने प्रस्तुत लेखन केले आहे.

एका चकतीवरील संसार

एम.एस.-सी.आय.टी.च्या वर्गांमध्ये टेबलाखालच्या संपूर्ण पेटीलाच 'सीपीयू' म्हणण्याची सवय आपल्याला लागली. त्या पेटीत प्रोसेसर, चित्रांसाठीचे कार्ड, आवाजाचे कार्ड, मोडेम असे सुटे भाग असत. फोनमध्ये हे सारे भाग सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर, साधारणपणे बोटाच्या नखाएवढ्या जागेत सामावलेले असतात. त्यामुळे जाहिरातीत ज्याला 'प्रोसेसर' म्हणतात, ती खरे तर एक संपूर्ण प्रणाली असते. सामान्य आज्ञा पाळणारे कोर, पडद्यावरील चित्र रेखाटणारा ग्राफिक विभाग, कॅमेऱ्याकडून आलेला प्रकाशाचा हिशेब जुळवून छायाचित्र तयार करणारा विभाग आणि अलीकडे यांत्रिक शिक्षणाची आकडेमोड करणारा विभाग हे तिचे प्रमुख घटक होत. बहुतेक फोनमध्ये मोडेमही याच तुकड्यावर असतो.

कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलविषयी येथेच एक वाक्य पुरे आहे. ४८ मेगापिक्सेलचे अनेक संवेदक शेजारशेजारचे चार बिंदू एकत्र करून १२ मेगापिक्सेलचेच चित्र देतात, आणि ते चित्र चांगले की वाईट हे बव्हंशी भिंग, संवेदकाचा आकार आणि वर उल्लेखिलेला छायाचित्र विभाग ठरवतात.

काटकसरीचा इतिहास

आजच्या जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनचा प्रोसेसर 'आर्म' या रचनेवर आधारलेला आहे. तिचे मूळ इंग्लंडमधील केंब्रिज येथील एकॉर्न या संगणक कंपनीत आहे. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी रचलेली पहिली आर्म चिप एप्रिल १९८५ मध्ये तयार होऊन आली. तिच्यावर सुमारे २५,००० ट्रान्झिस्टर होते. चिपला महाग सिरॅमिकऐवजी स्वस्त प्लास्टिकचे आवरण वापरता यावे म्हणून तिची उष्णता १ वॅटच्या आत राहणे आवश्यक होते. नेमका अंदाज बांधण्याची साधने हाताशी नसल्याने त्यांनी सर्वत्र हात आखडता घेतला. परिणामी चिप मोजली तेव्हा ती सुमारे ०.१ वॅटच घेत होती. हा कमीपणा तेव्हाच्या टेबलावरील संगणकांसाठी फारसा महत्त्वाचा नव्हता, परंतु पुढे हातात मावणारी यंत्रे आली तेव्हा हीच रचना उपयोगी पडली.

दरम्यान टेबलावरील संगणक वेगाच्या मागे लागले होते. १९७४ मध्ये रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते की, ट्रान्झिस्टर जसजसा लहान होतो तसतसा त्याचा विद्युतदाबही कमी करता येतो, आणि म्हणून तेवढ्याच जागेत अधिक ट्रान्झिस्टर बसवूनही उष्णता वाढत नाही. सुमारे तीन दशके हा नियम उद्योगाच्या पाठीशी उभा राहिला. २००५ च्या आसपास तो कोलमडला, कारण दाब एका मर्यादेखाली नेला की ट्रान्झिस्टर 'बंद' असतानाही त्यातून वीज झिरपू लागते. इंटेलचा पेंटियम ४ हा प्रोसेसर २००४ मध्ये ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला तेव्हा त्याची उष्णता ११५ वॅटच्या घरात गेली होती. आजच्या सर्वसाधारण फोनमधील ५,००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास एवढी ऊर्जा साठते. तो पेंटियम या बॅटरीवर पूर्ण क्षमतेने चालवला, तर ती दहा मिनिटांत रिकामी होईल!

त्याच्या चार वर्षांनंतर, २००८ मध्ये, पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आला. त्याच्या प्रोसेसरचा वेग ५२८ मेगाहर्ट्झ आणि कार्यकारी स्मृती १९२ मेगाबाइट होती. २०२३ मध्ये ॲपलने आयफोनसाठी आणलेल्या ए१७ प्रो या चिपवर १९ अब्ज ट्रान्झिस्टर आहेत. या पंधरा वर्षांत ट्रान्झिस्टरांची संख्या अफाट वाढली, परंतु फोनच्या वाट्याला येणारी वीज मात्र फारशी वाढू शकलेली नाही. मोबाईल प्रोसेसरची सारी प्रगती या अडचणीतून जन्मलेली आहे.

आचेचे गणित

फोनला पंखा नसतो. आत निर्माण झालेली उष्णता काच, धातू वा प्लास्टिकच्या पातळ कवचातून आणि आपल्या तळहातातूनच बाहेर पडते. त्यामुळे सर्वसाधारण फोन सातत्याने तीन ते पाच वॅटच्या पलीकडे जाऊ शकत नाही. काही सेकंदांपुरता तो याच्या दुप्पट-तिप्पट ऊर्जा घेतो, मात्र नंतर तापमान नियंत्रक प्रोसेसरचा वेग उतरवतो.

कोल्हापूरकरांना ही गोष्ट गुऱ्हाळावरून चटकन उमजावी. (शाहूपुरी ही छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली गुळाची व्यापारपेठ, तेव्हा हे उदाहरण अस्थानी नाही.) काहिलीखाली आरंभी चिपाडांचा जाळ धडधडून लावतात, पण रस आटत आला की गुळव्या काहिलीवर नजर ठेवून जाळ कमी करायला सांगतो, तसे केले नाही तर काहील करपते. फोनमधील नियंत्रक सेकंदाला अनेक वेळा हेच करीत असतो. दुकानात पाच मिनिटे हाताळलेला फोन ही आरंभीच्या जाळाची अवस्था असते, तर विद्यार्थ्याची साठ मिनिटांची चाचणी ही रस आटल्यानंतरची. आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा असे ॲपल स्वतः सांगते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या छताखाली बसलेल्या विद्यार्थ्याची खोली ही मर्यादा सहज ओलांडते. त्यात कॅमेरा सुरू ठेवून देखरेख करणारी परीक्षा असेल, तर छायाचित्र विभाग, मोडेम आणि पडदा हे तिन्ही एकाच वेळी पूर्ण भाराने चालतात.

वेग उतरवल्याने एवढा फरक का पडतो, हे एका साध्या संबंधावरून समजते. प्रोसेसरला लागणारी शक्ती ही वेगाच्या प्रमाणात आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा केला आणि त्यामुळे दाब १ व्होल्टवरून ०.७ व्होल्टवर आणता आला, तर शक्ती जवळजवळ एक-चतुर्थांश होते. काम दुप्पट वेळ चालले तरी एकूण ऊर्जा निम्मीच खर्ची पडते. यातूनच २०११ मध्ये आर्म कंपनीने मोठे व लहान कोर एकत्र ठेवण्याची रचना पुढे आणली. संदेश येणे, गाणे वाजणे अशी हलकी कामे लहान कोर करतात आणि पान उघडण्यासारखे जड काम आले की मोठे कोर जागे होतात.

'आठ कोर' या शब्दांमागील गफलत येथे लक्षात येते. स्वस्त फोनमध्ये कित्येकदा आठही कोर लहान जातीचे असतात. टपाल कार्यालयातील एका खिडकीची कल्पना करावी. पुढच्या माणसाचा अर्ज अपुरा असेल तर मागची सारी रांग थांबते. लहान कोर आज्ञा अशाच क्रमाने पाळतो. एखादी माहिती स्मृतीतून यायची असेल तर तो वाट पाहतो. दोन गिगाहर्ट्झ वेगाच्या कोरसाठी स्मृतीची एक फेरी, म्हणजे सुमारे १०० नॅनोसेकंद, ही दोनशे ठोक्यांची खोळंबणी असते. मोठा कोर मात्र अपुऱ्या अर्जाला बाजूला उभे करून मागच्यांची कामे उरकून घेतो. त्यामुळे गिगाहर्ट्झचा आकडा सारखा असूनही दोन कोरांच्या प्रत्यक्ष कामात मोठी तफावत पडते. शिवाय संकेतस्थळाचे एखादे पान उघडण्याचे काम आठ जणांत सहजासहजी वाटता येत नाही. ते मुख्यतः एकदोन कोरांनाच निस्तरावे लागते.

दोन फौंड्री

चिप तयार करणाऱ्या कारखान्यालाही 'फौंड्री' म्हणतात. शिरोली, गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींशी परिचय असलेल्या वाचकास हे नाव का पडले असावे ते सांगण्याची गरज नाही. आपल्या फौंड्रीत ग्राहक आराखडा देतो, त्यावरून पॅटर्न बनतो, पॅटर्नवरून वाळूचा साचा आणि साच्यातून कास्टिंग. ज्या ट्रॅक्टरला वा मोटारीला ते कास्टिंग लागते, तिच्यावर फौंड्रीचे नाव नसते. १९८७ मध्ये मॉरिस चँग यांनी तैवानमध्ये स्थापन केलेल्या टीएसएमसी या कंपनीने हीच पद्धत चिपउद्योगात रुजवली. स्वतःच्या नावाची चिप विकायची नाही, इतरांच्या आराखड्याप्रमाणे चिपा बनवून द्यायच्या. क्वालकॉम, मीडियाटेक, ॲपल या कंपन्यांकडे आराखडे आहेत, परंतु अत्याधुनिक चिपांसाठी स्वतःचे कारखाने नाहीत.

येथे पॅटर्नची जागा प्रकाश घेतो. सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशसंवेदी लेप देऊन मुखवट्यातून प्रकाश टाकतात आणि नक्षी उमटवतात. नक्षी जितकी सूक्ष्म, तितकी प्रकाशाची तरंगलांबी कमी असावी लागते. आज अतिसूक्ष्म थरांसाठी १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण वापरतात, आणि ते निर्माण करणारी यंत्रे नेदरलँड्समधील एएसएमएल ही एकच कंपनी विकते. '३ नॅनोमीटर' हे मात्र कारागिरीच्या एका पायरीचे व्यापारी नाव आहे. त्या चिपवरील कोणताही भाग मोजपट्टी लावून ३ नॅनोमीटर भरत नाही. विद्यार्थ्यांना शिकवताना आपण हा आकडा शब्दशः घेतो, ते टाळणे बरे. भारतात टाटा इलेक्ट्रॉनिक्स व तैवानची पीएसएमसी यांच्या धोलेरा (गुजरात) येथील प्रकल्पाचे भूमिपूजन मार्च २०२४ मध्ये झाले. त्याचे नियोजन २८ नॅनोमीटर आणि त्याहून जुन्या पायऱ्यांचे आहे. फोनच्या अग्रेसर प्रोसेसरसाठी ती पायरी उपयोगाची नसली, तरी मोटारी, वीजमापक, पडद्यांचे नियंत्रक यांना लागणाऱ्या चिपा तिच्यावरच बनतात.

स्मृती : खरी दुबळी कडी

लेखाच्या आरंभी उल्लेखिलेल्या चाचणीचे कोडे प्रोसेसरपेक्षा स्मृतीपाशी अधिक सुटते. फोनमध्ये दोन प्रकारची स्मृती असते. चालू कामासाठीची कार्यकारी स्मृती, आणि फोन बंद केल्यावरही टिकणारी साठवण. अँड्रॉइडमध्ये कार्यकारी स्मृती भरत आली की मागे पडलेली ॲप्स प्रणाली स्वतःहून बंद करते. तीन गिगाबाइट स्मृतीच्या फोनमध्ये प्रणालीसाठीच मोठा वाटा जातो. अशा वेळी विद्यार्थी परीक्षेचे पान उघडे ठेवून संदेशातील ओटीपी पाहण्यास जातो आणि परत येतो, तेव्हा ते पान नव्याने उघडते व न पाठवलेली उत्तरे नाहीशी झालेली असतात. पर्यवेक्षकाच्या नोंदीत हा प्रकार 'विद्यार्थ्याने परीक्षा सोडली' असाही दिसू शकतो. ज्याच्या फोनमध्ये आठ गिगाबाइट स्मृती आहे, त्याला ही अडचण आहे याचीही कल्पना नसते.

साठवणीतील फरक तर जाहिरातीत दिसतच नाही. '६४ गिगाबाइट' एवढेच लिहिलेले असते. ती ईएमएमसी जातीची की यूएफएस जातीची, हे बारीक अक्षरांत शोधावे लागते. ईएमएमसी ५.१ ची कमाल मर्यादा सेकंदाला ४०० मेगाबाइट असून ती एका वेळी वाचते किंवा लिहिते, दोन्ही करीत नाही. यूएफएस २.१ ची मर्यादा सेकंदाला सुमारे १,२०० मेगाबाइट असून तिच्यात जाण्याची व येण्याची वाट वेगळी असते. पार्श्वभूमीला एखादे ॲप अद्ययावत होत असताना स्वस्त फोन गोठल्यासारखा का वाटतो, याचे उत्तर पुष्कळदा येथे असते. साठवण काठोकाठ भरली की ती आणखी मंदावते, कारण नवीन लिहिण्यापूर्वी जुने खण मोकळे करावे लागतात. वर्षभराच्या सुप्रभात-संदेशांनी भरलेला फोन आणि मंद फोन यांचा संबंध काल्पनिक नाही!

दऱ्याखोऱ्यांतील मोडेम

गगनबावडा किंवा शाहूवाडीच्या डोंगराळ भागात बॅटरी लवकर उतरते, अशी तक्रार ऐकू येते. तिच्यात तथ्य आहे. मनोरा दूर असेल तर ४जी फोन आपली प्रक्षेपणशक्ती वाढवीत सुमारे २०० मिलिवॅटच्या कमाल मर्यादेपर्यंत नेतो, आणि तेवढी शक्ती हवेत सोडण्यासाठी बॅटरीतून तिच्या कित्येक पट ऊर्जा ओढतो. म्हणजे ज्या विद्यार्थ्याचे नेटवर्क दुबळे, त्याचाच फोन अधिक तापतो आणि त्याचाच प्रोसेसर लवकर मंदावतो. या तिन्ही अडचणी एकमेकींत गुंतलेल्या असल्याने 'नेटवर्क' या एका शब्दात त्यांची बोळवण करणे योग्य नाही.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी शाहूपुरीतील कुंभार गल्लीपर्यंत आले होते, म्हणून जलरोधक फोनविषयीही थोडेसे. आयपी६७ ही खूण एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटांची हमी देते; आयपी६८ मध्ये खोली व वेळ निर्माता ठरवतो. दोन्ही चाचण्या नव्या फोनवर, स्वच्छ व स्थिर पाण्यात होतात. गाळाचे वाहते पाणी आणि दोन वर्षे वापरलेले रबरी सील यांना ती हमी लागू नाही.

देवनागरीचा प्रवास

मराठीच्या प्राध्यापकांना जिव्हाळ्याचा वाटेल असा एक भाग येथे नोंदवतो. एकेकाळी संगणकावर देवनागरी लिहिण्यासाठी वेगळे यंत्रकार्ड बसवावे लागे. आयआयटी कानपूर येथे उगम पावलेले आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे वाढवलेले 'जिस्ट' कार्ड हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. जोडाक्षरे, वेलांटी, रफार यांची मांडणी त्या काळच्या प्रोसेसरला झेपत नव्हती, म्हणून ते काम स्वतंत्र कार्डावर सोपवले जाई. आज तेच काम फोनमधील आज्ञावली निमिषार्धात करते, आणि 'दऱ्या'मधील अर्धा र जर चुकीचा दिसला तर दोष फाँटचा वा आज्ञावलीचा असतो, यंत्राचा नव्हे. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनवर भारतीय भाषांतील मजकूर वाचता यावा यासाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १६३३३ (भाग ३) हे मानक २०१६ मध्ये आले.

गंमत अशी की, चक्र पुन्हा उलटे फिरत आहे. मराठी बोलणे ऐकून लिहून घेण्याची सोय गुगलने २०१७ मध्ये दिली तेव्हा आकडेमोडीसाठी दूरच्या सर्व्हरचा आधार घ्यावा लागे. ही आकडेमोड म्हणजे मुख्यतः लहान लहान संख्यांचे प्रचंड प्रमाणावर गुणाकार व बेरजा. त्यांसाठी आता चिपवर पुन्हा एक स्वतंत्र विभाग राखून ठेवला जातो. सर्वसाधारण कोरपेक्षा तो अत्यल्प ऊर्जेत हे काम करतो. अट एवढीच की, फोन वरच्या किमतीचा असावा लागतो.

महाविद्यालयाच्या हाती काय आहे

फोनची किंमत ठरवणे आपल्या हाती नाही, पण फोनवर टाकला जाणारा भार आपणच ठरवतो. प्रस्तुत लेखाच्या लांबीचा मजकूर युनिकोडमध्ये टंकलेला असेल, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट धरूनही तो चाळीस-पन्नास किलोबाइटमध्ये मावतो. त्याच टिपणांच्या पानांची रंगीत छायाचित्रे जोडून केलेली पीडीएफ वीस-तीस मेगाबाइट सहज भरते, आणि ती उघडताना तीन गिगाबाइटचा फोन इतर सर्व ॲप्स बंद करतो. हा पाचशे पटींचा भार कोणत्याही कंपनीने नव्हे, आपण विद्यार्थ्यावर टाकलेला असतो.

चाचणीची रचना करतानाही काही गोष्टी शक्य आहेत. प्रत्येक उत्तर त्याच क्षणी सर्व्हरवर जतन व्हावे, शेवटच्या एका कळीवर सारी उत्तरे अवलंबून नसावीत. पान पुन्हा उघडल्यास ती गैरवर्तणूक न मानता विद्यार्थी जेथे होता तेथून पुढे जाऊ द्यावा. कॅमेऱ्याची देखरेख खरोखर आवश्यक आहे का, याचा विचार विभागाने परीक्षेपूर्वी करावा, तक्रारी आल्यावर नव्हे. जुन्या फोनची बॅटरी बदलून घेण्याचा सल्लाही विद्यार्थ्यांना अवश्य द्यावा. बॅटरीचा अंतर्गत रोध वाढला की अचानक भार पडताच दाब कोसळतो व फोन बंद पडतो; हे टाळण्यासाठी जुन्या आयफोनचा वेग उतरवला जातो, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले होते. नव्या फोनच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे आणि मोबाईल दुरुस्तीच्या चांगल्या दुकानात तासाभरात काम होते.

परीक्षा विभागाने चार-पाच वर्षांपूर्वीचा, तीन गिगाबाइट स्मृतीचा, साठवण बरीचशी भरलेला एक फोन मुद्दाम जवळ ठेवावा, आणि प्रत्येक ऑनलाइन चाचणी विद्यार्थ्यांना देण्यापूर्वी कोणीतरी प्राध्यापकाने ती त्या फोनवर, दुपारच्या वेळी, पूर्ण साठ मिनिटे सोडवून पाहावी.